पाच मैत्रिणी, दोन रात्री, हैदराबाद: रूम किती आणि कुठे घ्यायच्या?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं जायचं नाही. तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या पाच शाळूसोबती मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. जानेवारीत रात्रीच्या गाडीनं निघून शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास हैदराबादेत उतरणार, दोन रात्री राहणार आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. एकीचा गुडघा दुखतो. एक घोरते (तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण ती हे वाचत असेल तर तिला माझा नमस्कार). आणि एक न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली आहे. राहण्याचं बजेट माणशी पाच हजार. दोन हॉटेलं निवडून ठेवलीत: लकडी-का-पूलजवळचं जुनं, ३,५०० रुपयांचं, आणि हायटेक सिटीतलं चकचकीत, शुक्रवार-शनिवारी ४,२०० ला मिळणारं. विचारलंय की यांतलं कुठलं घेऊ, आणि दोन रूम घेऊ की तीन?

मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसात २३ वर्षं काढली. पहिली सहा हैदराबादेत, नामपल्लीच्या बाजूला, बाकीची पुण्यात. त्यामुळे काउंटरच्या पलीकडून तुमच्यासारखे ग्रुप मी शेकड्यांनी पाहिलेत. एकही ग्रुप उशीच्या अभ्र्यावरून भांडला नाही. भांडणं झाली ती सकाळी साडेआठला लॉबीत बॅगांवर बसून, नाहीतर बाथरूमच्या दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून.

म्हणून हॉटेल निवडण्याआधी एक कागद घ्या आणि रूममध्ये तुम्ही नेमक्या किती वाजता असणार ते लिहून काढा. तुमच्या सहलीचं मी करून दाखवते.

शनिवार सोपा आहे. साडेनऊला बाहेर पडाल ते रात्री नऊला परत याल. मधे रूमवर येणं होणार नाही, कारण जुन्या शहरातून दुपारी परत यायचं आणि पुन्हा जायचं म्हणजे दोन तास रस्त्यावर. म्हणजे शनिवारी हॉटेलातला स्विमिंग पूल, जिम, कॉफी शॉप सगळं तुमच्या दृष्टीनं वाया. रूम लागणार आहे ती तीन वेळांना: शुक्रवारी सकाळी आठ ते दुपार, रविवारी दुपार ते संध्याकाळ, आणि दोन्ही रात्री नऊ ते एक. रात्रीची वेळ मुद्दाम लिहिली. मैत्रिणी सहलीला जातात त्या चारमिनार बघायला जातात असं घरी सांगतात. खरं तर रात्री एका पलंगावर पाच जणींनी पाय वर घेऊन बसायला जातात. आता गंमत बघा, पहिल्या दोन वेळा म्हणजे चेक-इन सुरू व्हायच्या आधीची आणि चेक-आउट संपल्यानंतरची. तुमच्या दोन्ही हॉटेलांचं चेक-इन दुपारी दोनचं आणि चेक-आउट बाराचं आहे. म्हणजे ज्या वेळी रूम सगळ्यात जास्त हवी, नेमकी त्याच वेळी ती तुमची नाही. तुमचा खरा प्रश्न हा आहे.

शुक्रवारची सकाळ आधी घेऊ. ॲपवर ‘अर्ली चेक-इन, उपलब्धतेनुसार’ असं लिहिलेलं असतं. त्याचा काउंटरवरचा अर्थ असा: आदल्या रात्री हॉटेल भरलेलं असेल तर रूम नाही, रिकामं असेल तर आहे. रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात याहून जास्त काही नसतं. भरलेल्या हॉटेलात सकाळी आठ वाजता काय चालू असतं ते सांगते. हाउसकीपिंगचा सुपरवायझर हातात रूमची यादी घेऊन मजल्यामजल्यावर फिरत असतो. २०४ मध्ये माणूस झोपलेला, २०६ चा नाश्त्याला गेलाय पण बॅग आतच, २११ रिकामी झाली पण घाण. पाहुणा गेलेली रूम पूर्ण साफ करायला, म्हणजे चादरी बदलून, बाथरूम घासून, पाण्याच्या बाटल्या ठेवून वर सुपरवायझरनं तपासायला, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. एकेका मुलाकडे दिवसाला चौदा-पंधरा रूम असतात. त्यामुळे तुम्ही कितीही गोड बोललात तरी अकराच्या आधी तीन रूम एकदम मिळणं नशिबाचा भाग.

यावर उपाय आहे, आणि तो मी स्वतः वापरते. गुरुवारची रात्र विकत घ्या, पण एकाच रूमची. बाकी दोन शुक्रवारपासून. म्हणजे आठ वाजता एक रूम तुमच्या हक्काची. पाच जणी पाळीपाळीनं आंघोळ करतील, गुडघेवाली आडवी होईल, चहा मागवता येईल. बाकीच्या रूम जसजशा तयार होतील तसतशा मिळतील आणि घाई कुणालाच राहणार नाही.

पण यात एक खाच आहे आणि तिच्यात शिकलेसवरलेले लोक अडकतात. गुरुवारची रात्र बुक करून तुम्ही शुक्रवारी सकाळी उगवलात, तर हॉटेलच्या हिशेबात तुम्ही गुरुवारी आलाच नाहीत. रात्री दोन-तीनच्या सुमारास नाइट ऑडिट होतं, त्या दिवसाचा हिशेब बंद होतो, आणि जे आले नाहीत त्यांच्यापुढे ‘नो-शो’ पडतं. नो-शो पडला की कित्येक ठिकाणी त्या नावाचं पुढचं बुकिंगही सिस्टिममधून उडतं. माझ्या काउंटरवर एकदा एक कुटुंब सकाळी सातला आलं. पैसे भरलेले, व्हाउचर हातात, आणि रूम रात्रीच दुसऱ्याला दिलेली. आमच्या रात्रपाळीच्या मुलानं नियमाप्रमाणेच केलं होतं. त्या गृहस्थांनी मला जे सुनावलं ते अजून आठवतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून बुकिंग करतानाच शेऱ्यात लिहा, ‘गुरुवारची रात्र पहाटेच्या आगमनासाठी घेतली आहे, शुक्रवारी सकाळी ८ ला येणार, नो-शो करू नये’, आणि वर फोनही करा. ॲपमधला शेरा कधीकधी हॉटेलपर्यंत पोचतच नाही.

गुरुवारच्या रात्रीचा हिशेब मांडला की तुमच्या दोन हॉटेलांमधला निकाल आपोआप लागतो. हायटेक सिटी, गचिबावलीकडची हॉटेलं कंपन्यांच्या माणसांवर चालतात. सोमवार ते गुरुवार भरलेली, शुक्रवारी दुपारी ती मंडळी विमानाला गेली की रिकामी. म्हणून तुम्हाला ४,२०० चा भाव दिसतोय, ती त्या रूमची आठवड्यातली पडलेली किंमत आहे. तिथेच गुरुवारची रात्र बघा, आकडा वेगळा दिसेल. शिवाय ते हॉटेल गुरुवारी भरलेलं असण्याची शक्यता जास्त, म्हणजे शुक्रवारी सकाळी रूम मिळण्याची कमी. (२६ जानेवारीला जोडून सुट्टी येत असेल तर हे गणित थोडं बदलतं, तारीख तपासून घ्या.)

दुसरं म्हणजे अंतर. हायटेक सिटीहून चारमिनार वीस किलोमीटरच्या आसपास आहे. संध्याकाळी तासभर धरा, कधी जास्तच. मेट्रो आहे, पण ती चारमिनारपर्यंत जात नाही. जवळचं मोठं स्टेशन एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्थानक), तिथून पुढे रिक्षा. लकडी-का-पूल मेट्रोच्या लाल मार्गावर आहे, तिथून एमजीबीएस चार-पाच स्टेशनं. बिर्ला मंदिर हाकेच्या अंतरावर, हुसेनसागर जवळ, सालारजंग संग्रहालय आणि चारमिनार पाच-सहा किलोमीटर, गोवळकोंडा दहाएक. तुम्ही आयटी कंपनीत कामाला जात नाही आहात, त्यामुळे मला विचाराल तर लकडी-का-पूल, नामपल्ली, आबिड्स या पट्ट्यातच राहा. चकचकीत लॉबी सोडावी लागेल. त्या लॉबीत तुम्ही एकूण वीस मिनिटं बसणार होतात.

अर्थात हे सगळं तुमच्या कार्यक्रमावर अवलंबून आहे. शिल्पारामम (हायटेक सिटीतलं हस्तकलांचं गाव), नवे मॉल आणि चांगल्या रेस्तराँमधली जेवणं हाच बेत असता तर मी उलट सल्ला दिला असता. तुमच्या यादीत गोवळकोंडा, सालारजंग, चौमहल्ला राजवाडा आणि लाड बाजार आहे, म्हणून हे उत्तर.

यादीवरून आठवलं. तुम्ही शुक्रवारी सालारजंग आणि चौमहल्ला लिहिलंय. दोन्ही शुक्रवारी बंद असतात! मक्का मशिदीत शुक्रवारच्या नमाजाची गर्दीही असते, त्यामुळे दुपारी चारमिनारच्या भागात गाडी नेणं अवघड. शुक्रवारी दुपारी तीनला गोवळकोंडा घ्या, शनिवारी सकाळी दहाला सालारजंग. तिथल्या वाजणाऱ्या घड्याळापुढे बाराच्या दहा मिनिटं आधी जाऊन बसा. दर तासाला बाहुला बाहेर येऊन टोल देतो, आणि बाराचे टोल बघायला सगळं संग्रहालय तिथे गोळा होतं. मग चौमहल्ला, मग ऊन उतरल्यावर लाड बाजार. गोवळकोंड्याला वर बालाहिसारपर्यंत, म्हणजे किल्ल्याच्या माथ्यापर्यंत, साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, गुडघेवालीला त्या झेपायच्या नाहीत. तिला खाली प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली ठेवा, चौघी वर जा, आणि फोनवर वेळ ठरवून तिला टाळी वाजवायला सांगा. वर ऐकू येते. आमच्या ग्रुपमध्ये टाळी वाजवणारी मीच होते, आणि वर गेलेल्यांपेक्षा माझाच फोटो जास्त चांगला आला.

आता दोन रूम की तीन. लोक पलंग मोजतात, मी बाथरूम मोजते. दोन रूममध्ये पाच म्हणजे एकीत तिघी. बायकांची आंघोळ, केस, साडी किंवा ड्रेस, आवरणं धरून माणशी अर्धा तास म्हटलं तरी त्या रूमला दीड तास लागतो, दुसरीला एक. रोज सकाळी अर्धा तास दोघी खाली लॉबीत ताटकळणार आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी काहीतरी बोलणार. मी हे अनुभवानं सांगते. हॉटेलात आयुष्य काढलेल्या मी, माझ्याच शाळेच्या मैत्रिणींसाठी एकदा पाच जणींची एक मोठी ‘फॅमिली रूम’ घेतली होती, स्वस्त पडली म्हणून. बाथरूम एक. दुसऱ्या दिवशी साबरमती आश्रमात नऊला पोचायचं ते पावणेबाराला पोचलो, आणि त्यातली एक वर्षभर मला ‘मॅनेजरबाई’ म्हणत होती.

पैशांचा हिशेब तुमच्याच दरानं करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. दोन रूम, दोन रात्री म्हणजे १४,०००. एक्स्ट्रा बेडचे रात्रीला हजार धरले तर वर २,०००. करासकट १६,८००, माणशी ३,३६०. तीन रूम घेतल्या तर २१,००० आणि कर मिळून २२,०५०, माणशी ४,४१०. फरक माणशी १,०५० रुपयांचा, तोही दोन दिवसांसाठी. लाड बाजारात तुम्ही एका बांगड्यांच्या दुकानात याहून जास्त घालवाल. गुरुवारच्या एका रूमचे ३,६७५ मिळवले तर माणशी ५,१४५ होतात. बजेटच्या १४५ रुपये वर गेलात, तेवढं चालवून घ्या.

(कराचं आणखी एक, पुढे कधी मोठ्या हॉटेलात जाल तेव्हासाठी. ७,५०० च्या वर दर गेला की सगळ्या रकमेवर १८ टक्के लागतात. ७,५०० ची रूम करासकट ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकात हजार जातात, म्हणून कराआधीचा आकडा बघायची सवय ठेवा.)

तीन रूम म्हणजे दोन, दोन, एक. एकटी कुणाला द्यायची यावर ग्रुपमध्ये फार संकोच असतो. घोरणारीलाच द्या आणि तोंडावर सांगा. तिला ते माहीत असतं, आणि रात्रभर लाजत जागं राहण्यापेक्षा तिलाही बरं वाटतं. पैसे मात्र पाचात समान वाटा. ‘तिची सिंगल म्हणून तिनं जास्त द्यावेत’ असा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण मग तिच्याच रूममध्ये पाच जणी बसून रात्री एकपर्यंत पत्ते खेळता त्याचं भाडं कोण देणार? बसायची रूम तीच ठेवा. बाकी दोघी-दोघींना झोप आली की उठून आपापल्या रूममध्ये जाता येतं.

बुकिंगच्या वेळी दोन शब्द नीट वापरा. ‘डबल’ म्हणजे एक मोठा पलंग, ‘ट्विन’ म्हणजे दोन वेगळे. तुम्हाला दोन ट्विन आणि एक डबल हवी. ट्विन रूम हॉटेलात कमी असतात, म्हणून नुसता शेरा लिहून थांबू नका, फोनवर पक्कं करून घ्या. ‘कनेक्टिंग’ म्हणजे आतून दार असलेल्या रूम. मुलांना घेऊन जाणाऱ्यांना त्या बऱ्या, तुम्ही त्यांच्या मागे लागू नका, मधल्या दारातून आवाज येतो. तुम्ही मागा: तिन्ही रूम एकाच मजल्यावर, रस्त्याच्या मागच्या बाजूला, लिफ्टपासून एक-दोन दारं सोडून. आणि बसायची रूम कोपऱ्यातली, म्हणजे शेजाऱ्याची तक्रार काउंटरवर यायची नाही. व्हाउचरवर ‘ईपी’ लिहिलेलं असेल तर नुसती रूम, ‘सीपी’ असेल तर नाश्त्यासकट. सकाळी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं खायला बाहेरच पडणार असाल तर ईपी घ्या, पैसे वाचतात.

बुकिंग ॲपवर की थेट? ॲपवर भाव बघा, मग हॉटेलच्या नंबरवर फोन करून तोच भाव थेट मागा. ॲपला कमिशन द्यावं लागतं, त्यामुळे बरीच हॉटेलं तेवढ्यातच नाश्ता किंवा उशिरा चेक-आउट देतात. थेट बुकिंगचा माझ्या दृष्टीनं मोठा फायदा वेगळाच आहे. रूम ज्या रात्री कमी पडतात, आणि पडतात, कारण रद्द होणारी बुकिंगं धरून हॉटेलं थोड्या जास्तच रूम विकून ठेवतात, त्या रात्री दुसऱ्या हॉटेलात कुणाला पाठवायचं ही यादी आम्हीच करायचो. यादीत सगळ्यात वर असायचा तो एका रात्रीचा, सगळ्यात स्वस्त दरातला, रात्री अकरानंतर येणारा आणि एकदाही फोन न केलेला पाहुणा. दोन वेळा फोन करून ‘ताई, माझी मैत्रीण गुडघ्याची पेशंट आहे’ म्हणालेल्या बाईला आम्ही कधी हलवलं नाही. पण थेट बुकिंगला लेखी काहीतरी हवंच, मग तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज का असेना: तारखा, रूमचे प्रकार, दर करासकट की कराविना, रद्द केल्यास काय.

न्यू जर्सीवालीचा मुद्दा विसरू नका. तिचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी हॉटेलच्या लेखी ती परदेशी पाहुणी. तिची नोंद हॉटेलला चोवीस तासांच्या आत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. मोठ्या हॉटेलांना त्याचं काही वाटत नाही, पण लहान लॉजवाले ते झंझट नको म्हणून ‘फॉरेनर चालत नाही’ असं रात्री दारात सांगतात. फोनवर आधीच विचारा, आणि मूळ पासपोर्ट व ओसीआय कार्ड बरोबर ठेवायला सांगा, झेरॉक्स नाही. बाकी चौघींनी प्रत्येकीनं आपापलं ओळखपत्र घ्यायचं. पॅन कार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची प्रत द्यायची तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारी मास्क्ड प्रत काढून ठेवा.

रूम हातात आली की पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. बॅग उघडू नका, पलंगावर बसू नका, बाथरूम वापरू नका. एसी लावा, फ्लश ओढा, गरम पाण्याचा नळ दोन-तीन मिनिटं सोडून हात लावून बघा, आतली कडी लागते का बघा, खिडकीखाली जनरेटर नाही ना बघा. काही खटकलं तर लगेच खाली फोन. न वापरलेली रूम बदलून देणं काउंटरला सोपं असतं. एकदा चादर चुरगळली आणि बाथरूम ओलं झालं की ती पुन्हा साफ करण्याच्या यादीत जाते, आणि मग आम्ही ‘बघतो मॅडम’ म्हणतो. ‘बघतो मॅडम’चा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

जानेवारीची एक खास गोष्ट. १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी नामपल्लीच्या मैदानावर नुमाइश भरते, १९३८ पासूनचं जुनं प्रदर्शन. त्या दिवसांत नामपल्लीचा रस्ता संध्याकाळी तुंबतो, गोवळकोंड्याहून परत येताना गाडीवाला कुरकुर करेल. पण तुमच्या हॉटेलहून ती जवळ आहे, मेट्रोनं दोन स्टेशनं. शुक्रवारी रात्री तिथेच जा, काश्मिरी शालींपासून लोणच्यापर्यंत सगळं मिळतं आणि जेवणही होतं. याच दिवसांत लग्नंही असतात, म्हणून फोनवर विचारून घ्या की शुक्रवार-शनिवारी हॉटेलच्या हॉलमध्ये कार्य आहे का. असेल तर हॉलपासून दोन मजले वर मागा.

पाच जणी एका रिक्षात मावत नाहीत आणि साध्या टॅक्सीतही पुढे-मागे दाटीवाटी होते. शुक्रवारी स्टेशनहून सहा आसनी गाडीच मागवा, आणि शनिवारसाठी ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’चं पॅकेज हॉटेलकडून न घेता ॲपवर बघा, बहुधा स्वस्त पडतं. जुन्या शहरात मात्र गाडी एका जागी सोडून पायीच फिरा.

रविवारची दुपार राहिली. गुडघेवालीला आराम हवा असेल तर एक रूम संध्याकाळी सहापर्यंत ठेवा. बरीच हॉटेलं अर्धं भाडं घेतात, म्हणजे माणशी साडेतीनशे-पावणेचारशे. त्याची बोलणी शनिवारी रात्री करा. रविवारी सकाळी अकराला विचाराल तर उत्तर त्या दिवशीच्या बुकिंगवर ठरेल. नको असेल तर बाराला चेक-आउट करून बॅगा हॉटेलातच ठेवा, टॅग घ्या, आणि आबिड्सला जा. रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथून कोठी, सुलतान बाजार जवळच. तो भाग जुन्या मराठी कुटुंबांचा, विवेकवर्धिनी शाळाही तिकडेच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तुमच्यापैकी एखादीचे आजोबा कोर्टाच्या किंवा कॉलेजच्या कामानं या गल्ल्यांतून नक्की फिरलेले असतील. घरी विचारून या, पत्ता मिळाला तर शोधायला मजा येते.

पैशांचं थोडक्यात. खर्च एकीनंच करायचा आणि रोज रात्री पत्ते काढण्याआधी वहीत लिहायचा, हिशेब घरी गेल्यावर ठेवू नका. हॉटेल अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्डावर काही हजार अडकवून ठेवतं, ते सुटायला कधीकधी आठवडा जातो. अनामत यूपीआयनं किंवा रोख देता येते का ते विचारा. रेस्तराँच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर तो सक्तीचा नाही, काढायला सांगता येतो. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरले. जेवण वाढणारं पोरगं चांगलं असेल तर त्याच्या हातात वेगळं द्या, ते त्याला नक्की मिळतं.

तर लकडी-का-पूल, दोन ट्विन आणि एक डबल, डबल गुरुवारपासून. आणि गुरुवारी रात्री गाडी सुटली की, नऊ असो वा अकरा, हॉटेलला एक फोन करा: ‘आम्ही गाडीत बसलो, सकाळी आठला येतोय, नो-शो करू नका.’ फोनवर बोलणाऱ्याचं नाव विचारून लिहून ठेवा. सकाळी काउंटरवर ते नाव घेतलंत की चावी पटकन हातात येते.